अस्वलाची साक्ष

४ जून

नवरा म्हणाला, "जे काय आहे ते लिहून काढ. मला रोज तेच तेच ऐकवू नकोस." नवरा गणिताचा मास्तर आहे, त्याला एकदा सांगितलेलं पुरतं. मला पुरत नाही. म्हणून ही वही.

तर, मी नोकरी सोडली. मोठ्या हॉस्पिटलातली, पक्की, महिन्याच्या महिन्याला पगाराची. मी भूलतज्ज्ञ आहे आणि त्यातही लहान मुलांच्या भुलेचं वेगळं शिक्षण घेतलेली. हे 'त्यातही' तिथे कुणाला कळलंच नाही. वर्षानुवर्षं माझ्या वाट्याला आजोबांचे गुडघे, मावशांचे पित्ताशयातले खडे आणि चुकून कधी एखादं मूल. आजपासून फक्त मुलं. आज जन्मलेल्यापासून ते मिसरूड फुटेपर्यंत.

विभागाचे प्रमुख, आमचे जुने साहेब, राजीनामा हातात धरून हसले. "वर्ष संपेपर्यंत तुझी खुर्ची रिकामी ठेवतो. तोवर डोकं ठिकाणावर येईल." मी म्हटलं, "मग तिच्यावरची धूळ तेवढी पुसत जा, सर." बोलून तर गेले. जिना उतरताना पगाराचा आकडा दोनदा मनात मोजला, ते मात्र साहेबांना दिसलं नाही.

घरी बाबांना सांगितलं. बाबाही भूलतज्ज्ञच, आता निवृत्त. आई गेल्यापासून आमच्याकडे असतात. उभा जन्म बॅग घेऊन या थिएटरातून त्या थिएटरात फिरले. ते म्हणाले, "फक्त पोरं? आणि उरलेल्या वेळात काय, विणकाम करणार?"

घ्या! जगाचं जाऊ दे, घरातच आनंद.

१० जून

कार्डं छापून आली. माझं नाव, पुढे बाबांचंच आडनाव. डिग्रीवर तेच आहे आणि लग्नानंतर बदलायचा मी कंटाळा केला. खाली 'लहान मुलांच्या भुलेच्या तज्ज्ञ'. काय सुरेख दिसतंय!

बाबांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पाहिलं. मग म्हणाले, "कागद जाड आहे." झालं. एवढंच. मुलीचं कौतुक म्हणून दोन शब्द फुटतील तर शपथ. एक कार्ड मात्र त्यांच्याच हातात राहिलं, परत मागायचं माझ्या लक्षात आलं नाही.

१९ जून

कार्डं वाटत फिरते आहे. आमच्या धंद्यात पेशंट भूलतज्ज्ञ निवडत नाही, सर्जन निवडतो. पाटीवर नाव सर्जनचं, बरं झाल्यावर फुलं सर्जनला. ज्याने झोपवलं आणि धडपणे परत उठवलं त्याचं नाव विचारायचं कुणाला सुचत नाही. बाबांनी हे सगळं आयुष्यभर पाहिलं, मला ते ऐकून माहीत होतं. पण दारोदार कार्ड घेऊन फिरताना ते अंगाला लागतं.

एक सर्जन म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे जो आधी पोचेल तो." दुसरे म्हणाले, "मुलांसाठी वेगळा डॉक्टर कशाला? मूल म्हणजे छोटा माणूसच ना?" मी म्हटलं, "मग मांजर म्हणजे छोटा वाघच म्हणा की." त्यांनी कार्ड खिशात ठेवलं आणि "कळवतो" म्हणाले. कळवणार नाहीत. माझी जीभ!

माझ्या बरोबरीची एक मैत्रीण हृदयाच्या ऑपरेशनच्या भुलेत खास शिकून आली. सध्या बाळंतिणींपासून गुडघ्यांपर्यंत मिळेल ते करते. फोनवर म्हणाली, "अगं, खासपण फ्रेम करून भिंतीवर लाव आणि बॅग घेऊन निघ. जे येईल ते घे." दुपारी खरंच एक फोन आला. पन्नाशीच्या बाईचं पित्ताशय. नाही म्हटलं. नवऱ्याने वह्या तपासताना मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली.

२ जुलै

आला! पहिला फोन आला!

आणि तोही साक्षात 'वादळा'चा. मुलांच्या ऑपरेशनमधला या गावातला सगळ्यात मोठा सर्जन. तोंडावर सगळे 'सर' म्हणतात, पाठीमागे वादळ. सुरी थरथरत नाही पण आवाजाने ट्रे थरथरतात अशी ख्याती. बाबा खूष झाले. हे पोरगं शिकाऊ होतं तेव्हा त्याच्या पहिल्या ऑपरेशनला भूल बाबांनी दिली होती. बाबांच्या लेखी वादळ अजून पोरगंच.

पाच वर्षांच्या मुलीचा हर्निया. माझी पद्धत अशी की आदल्या दिवशी मुलाला भेटायचं आणि मास्क घरी खेळायला द्यायचा. त्याला आतून स्ट्रॉबेरीचा वास लावलेला. रात्री मुलाने आपल्या बाहुलीला, अस्वलाला, जे काय असेल त्याला झोपवून बघायचं. सकाळी मी आधी त्या खेळण्याची विचारपूस करते. झोप लागली का? पोट दुखतंय का? सकाळी काय खाल्लं?

हे शेवटचं फार कामाचं. भूल द्यायची तर पोट रिकामं हवं. नाहीतर झोपेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरतं आणि मूल हातचं जाऊ शकतं. मुलाला सरळ विचारलं, "काही खाल्लंस?" तर ते आधी आईच्या तोंडाकडे बघतं. खेळण्याला विचारलं की खरं ते बाहेर येतं. ही युक्ती माझी, कुठल्या पुस्तकातली नाही.

मुलगी आईच्या मांडीवर बसून, स्वतःच्या हाताने मास्क धरून, रडल्याशिवाय झोपली. आई थिएटरात कशाला, म्हणून वादळ दारात घड्याळ बघत उभं होतं. मूल झोपल्याबरोबर हात धुऊन आले आणि लावली सुरी. "सुरू करू का?" वगैरे विचारायची पद्धतच नाही. शेवटी मुलगी उठली आणि तिने आपला ससा मागितला. वादळ म्हणालं, "हं."

मोठ्या सिस्टर, ज्या त्यांच्या थिएटरात कितीतरी वर्षं आहेत, त्या कानाशी येऊन म्हणाल्या, "त्यांचं 'हं' म्हणजे आपल्यासारख्यांचं भाषण समजा."

११ ऑगस्ट

आता वादळाची जवळजवळ सगळी कामं माझ्याकडे. दुसऱ्या कुणाचा एकही फोन नाही, पण नसू दे. घरी आले की बाबा दारातच. "आज कोण होतं? वजन किती? नळी कितीची घातलीस?" उत्तर चुकलं तर बरं, अशा तयारीने विचारतात. एकदाही चुकले नाही. मग जरा हिरमुसून आत जातात, आणि मला तरी वाटतं, जाताना गुणगुणतात. वयाचं असेल.

६ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहिते, म्हणजे उद्या माझ्याच मनात त्याचं भलतंच काही व्हायला नको.

चार वर्षांचा मुलगा, भुवईजवळ वाटाण्याएवढी गाठ. तातडीचं काही नाही. घरात एकुलता एक, त्यामुळे आई, बाप, आजी, आत्या, सगळं लटांबर हजर. वादळाला दुपारी परगावी जायचं होतं, त्यामुळे सकाळपासूनच पारा चढलेला. मी माझ्या पद्धतीने खाली बसून मुलाच्या अस्वलाशी हात मिळवला.

"काय अस्वलोबा, आज सकाळी काय खाल्लंत?"

मुलगा म्हणाला, "त्याने बिस्किट खाल्लं."

"वा! एकट्याने?"

"अर्धं त्याने. अर्धं मी."

आई किंचाळलीच. "नाही हो डॉक्टर! काल रात्रीपासून काही दिलेलं नाही! तो खेळण्यातलं सांगतोय!" बाप म्हणाला, शपथेवर सांगतो. आत्या म्हणाली, ह्याला गोष्टी रचायची सवयच आहे. आजी कोपऱ्यात पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

मी बाहेर येऊन सांगितलं, आता नाही. दुपारनंतर करू, नाहीतर दुसऱ्या दिवशी.

वादळ म्हणजे काय ते आज कळलं. "दुपारी मी गावात नाही! काय खाल्लं त्याने? कुणी सांगितलं?"

"अस्वलाने," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

 सिस्टर, मदतनीस, वॉर्डातली दोन माणसं, सगळी पुतळे.

"अस्वलाच्या साक्षीवर माझं ऑपरेशन रद्द? आई सांगते काही खाल्लं नाही, बाप सांगतो नाही, आणि तुम्ही कापडाच्या खेळण्याचं ऐकणार?"

"हो. त्याला खोटं बोलायचं काही कारण नाही."

"माझ्या थिएटरात निर्णय मी घेतो!"

"चिरायचा तुमचा, सर. झोपवायचा माझा. मी या मुलाला आत्ता झोपवणार नाही."

एवढं बोलून मी मास्क उचलून बॅगेत ठेवला.  बाबांची लेक आहे शेवटी.

त्यांनी टोपी काढून फेकली. "बरं. यापुढे तुम्हाला या थिएटरची पायरी चढायची गरज नाही." आणि मुलाच्या घरच्यांना सांगितलं, ऑपरेशन रद्द. खालच्या मजल्यावरच एक भूलतज्ज्ञ बसतात, सगळे त्यांना 'चटपट' म्हणतात, एका हाकेसरशी वर येऊन कुणालाही झोपवतात. त्यांना बोलवायचं होतं ना! पण नाही. सगळ्यांसमोर ऑपरेशनच रद्द करून मोकळे, म्हणजे खापर माझ्या डोक्यावर. काय माणूस आहे!

७ सप्टेंबर

खरंच अस्वलानेच खाल्लं असेल तर? चार वर्षांचं मूल. खेळण्यांना जेवू घालणं हाच त्यांचा उद्योग. मी एका बिस्किटापायी, तेही कदाचित न खाल्लेल्या, माझं सगळं काम घालवून बसले.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "उदाहरण असं मांड. त्याने खाल्लं नव्हतं आणि तू थांबलीस, तर काय गेलं? एक दिवस. खाल्लं होतं आणि तू थांबली नाहीस, तर?" मग स्वतःच म्हणाला, "मांडूही नकोस." आणि चहा करायला उठला. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधीकधी वाटतं बरा सापडला.

बाबांना सांगायचा धीर होईना. सांगितलं तर त्यांनी पुनःपुन्हा एकच विचारलं. "मग त्याने चटपटला वर बोलावलं का?" नाही, म्हटलं. "नक्की नाही?" नक्की नाही. बाबा हसले आणि म्हणाले, "हे पोरगं ओरडतं तेव्हा घाबरू नये." मी इथे बुडते आहे आणि यांना हसू येतंय.

२० सप्टेंबर

फोन नाही. मुंगीसुद्धा फिरकली नाही. मोठ्या सिस्टर बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्यानंतर चार जण येऊन गेले. कुणी टिकत नाही. सरांचं हल्ली मुलांच्या घरच्यांना विचारणं फार वाढलंय, काय खाल्लं, केव्हा खाल्लं." म्हणजे मला घालवून आता माझंच काम स्वतः करतात. वरताण!

९ ऑक्टोबर

आज कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांचा फोन. मी त्यांना कधी कार्डसुद्धा दिलं नव्हतं. टॉन्सिलची दोन मुलं. "नाव ऐकलंय तुमचं," म्हणाले. "तुम्ही म्हणे खेळण्यांचीही चौकशी करता."

मी नुसती हवेत! कीर्ती आपली आपण पसरते आहे. मोठ्या सिस्टरच बोलल्या असणार ठिकठिकाणी, तोंड थांबत नाही त्यांचं. देव त्यांचं भलं करो.

दोन्ही मुलं झकास. एक बेडूक आणि एक चाक नसलेली आगगाडी तपासली. दोघांनीही काही खाल्लं नव्हतं.

२ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई, मग हाडांचे एक, मग परत कान-नाक-घसा. कामाला जोर आला आहे. डोळ्यांच्या बाईंनी तर कमालच केली. म्हणाल्या, "मी विचारलं, माझ्याकडे तिरळेपणाची लहान मुलं फार, भुलेसाठी कुणाला बोलावू? तर उत्तर आलं, 'ती हट्टी बाई बोलवा. नाही म्हणायचं तिथे नाही म्हणते.'" कुणी सांगितलं, विचारलं तर हसल्या, म्हणाल्या, "नाव सांगायचं नाही असं बजावलंय."

हट्टी! मी! हा कुठला तरी चहाटळ, माझ्यावर जळणारा असणार. पण कामं देऊन जळतो आहे, तर जळू दे बापडा.

बाबांचं फिरणं फार वाढलंय. रोज संध्याकाळी जातात आणि चपला पांढऱ्या करून येतात. चुना की सिमेंट, काय ते. सगळ्या घरभर पावलं. आज चांगलीच बोलले, "बाबा, कुठे उकिरडे फुंकत फिरता?" म्हणाले, "एक इमारत होतेय. बघायला बरं वाटतं." या वयात इमारती बघायचा नाद! बरं, गुडघे चालतायत तोवर चालू दे.

२७ नोव्हेंबर

आज पुन्हा 'नाही' म्हणून आले. लहानसा दवाखाना, चार वर्षांची मुलगी, दाताचं काम. त्यांच्याकडे मुलाच्या मापाचा एक मास्क नाही, ऑक्सिजनचा जादा सिलिंडर नाही, मूल गार पडलं तर ऊब द्यायची सोय नाही. माझ्या बॅगेत जेवढं मावतं तेवढंच. मी म्हटलं, इथे नाही. दंतवैद्य म्हणाले, "एवढे नखरे परवडत नाहीत आम्हाला."

खरं सांगायचं तर मलाही परवडत नाहीत. खास शिकलेल्या माणसाला खास जागा लागते. एक अख्खी जागा, जिथे सगळंच मुलांच्या मापाचं असेल. अशी जागा मला कोण बांधून देणार? बॅग खांद्यावर घेऊन मी गावभर फिरते. जिथे सामान आहे तिथे मूल नाही, जिथे मूल आहे तिथे सामान नाही. एक दिवस थकलेली असेन, 'नाही' म्हणायचा कंटाळा करीन, आणि त्याच दिवशी काहीतरी होईल. याची मला खरी भीती वाटते. बाकी कशाची नाही.

संध्याकाळी जुन्या साहेबांचा फोन. "खुर्ची पुसून ठेवलीय."

१५ डिसेंबर

ठरलं. परत जाते.

नवरा म्हणाला, "तुला जे पटेल ते." बाबा ताडकन उठून बसले. "इतकी घाई कशाला? वर्ष संपायचंय अजून."

"बाबा, तुम्हीच म्हणत होतात ना, फक्त पोरं म्हणून?"

"मी काहीही म्हणेन. म्हातारा आहे. तू माझं कधीपासून ऐकायला लागलीस?" आणि चपला घालून तरातरा बाहेर. पान वाढून ठेवलं होतं, ते तसंच.

मला आतून फार लागलं. मला वाटलं होतं, परत जाते म्हटल्यावर त्यांना हायसं वाटेल. उद्या साहेबांना 'हो' कळवते.

१६ डिसेंबर

साहेबांना कळवलं नाही. सकाळी दात घासताना फोन वाजला.

"या," पलीकडून आवाज आला. वादळ. "कालचं बाळ आहे. हिरवी उलटी. आतड्याला पीळ पडलाय. सगळं सोडून या."

मी सगळं सोडून गेले. मान-अपमान वगैरे जिना उतरताना आठवलासुद्धा नाही. एक दिवसाचं बाळ, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढं. पोट फुगलेलं, ओठ राखाडी. बाप भिंतीला टेकून उभा, त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "मी भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशन होईतो एक मिनिटही याच्यापासून हलणार नाही." एरवी हे कुणी सांगत नाही. मी सांगते.

आत गेल्यावर मी थिएटरचा एसी बंद करायला सांगितला. एवढं बाळ बघता बघता गार पडतं. मला वाटलं आता गरजणार. वादळाने स्वतः जाऊन बटण बंद केलं. बाळाला कापसात गुंडाळलं, पोटातलं सगळं आधी नळीने काढून घेतलं, केसाएवढ्या शिरेत सुई बसवली. पहिल्या प्रयत्नात बसली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण अशी शीर पहिल्यांदा सापडली की ज्याला त्याला ओरडून सांगावंसं वाटतं. मग झोपवलं, श्वासाची नळी घातली. छाती दोन्ही बाजूंनी सारखी हलली.

मी मॉनिटरवरून नजर काढली तर सगळं थांबलेलं. वादळ हात धुऊन, हातमोजे घालून, सुरी हातात घेऊन उभं. घामाच्या धारा लागलेल्या. माझ्याकडे बघत होते.

"सुरू करू?" त्यांनी विचारलं.

मोठ्या सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सिस्टरांकडे. या थिएटरात हा प्रश्न आजवर कुणी ऐकला नव्हता.

"करा, सर," मी म्हटलं.

पीळ सुटला. आतडं काळपट होतं, ते डोळ्यांदेखत गुलाबी होत आलं. मधे एकदा नाडी उतरली, मी "थांबा" म्हटलं आणि ते थांबले. मी "हं, चालू द्या" म्हटलं आणि त्यांनी चालू केलं. बाळ आईकडे गेलं तेव्हा त्याचे ओठ गुलाबी होते आणि ते भुकेने ओरडत होतं. आमच्या कामात यापेक्षा सुंदर आवाज नाही. मी भिंतीकडे तोंड करून थोडी रडले. असू दे, रडले.

हात पुसता पुसता वादळ म्हणालं, "परवा वेळ काढा. काही दाखवायचंय."

१८ डिसेंबर

वादळाच्या गाडीत बसून गेले.  गाडी एका नव्या दुमजली इमारतीपाशी थांबली. आतून रंगाचा वास. दारापासूनच सगळं बुटकं. बुटक्या खुर्च्या, बुटकी बेसिनं. थिएटरात गेले आणि जागच्या जागी उभी राहिले. प्रत्येक मापाचे मास्क, प्रत्येक मापाच्या नळ्या, बाळाला ऊब द्यायचं यंत्र, जादा ऑक्सिजन. आणि आईला बसायला भुलेच्या टेबलाशेजारी एक खुर्ची.

"फक्त मुलांचं हॉस्पिटल," वादळ म्हणालं. "चिरायचं मी बघेन. झोपवायचं सगळं तुमचं. तुम्ही नाही म्हणालात की नाही. मला असाच माणूस हवा होता. माझ्या तोंडावर नाही म्हणणारं दुसरं कुणी भेटलं नाही, सगळ्यांची परीक्षा घेऊन पाहिली."

"मग इतके महिने फोन का नाही केलात?" माझा आवाज चढलाच.

ते बुटाच्या टोकाने फरशीवरचा रंग खरवडत राहिले. "सगळ्यांसमोर ओरडलो होतो. परत बोलवायचं म्हणजे... जमेना. म्हटलं, तोवर तुमचं काम अडू नये."

काम अडू नये म्हणजे काय ते मला नीट कळलं नाही. विचारणार होते, तेवढ्यात बाहेरून ओळखीचा आवाज आला.

"अरे, ती रेघ जरा जाड काढ! लांबून दिसायला पाहिजे!"

बाहेर येऊन बघते तर बाबा. रस्त्यात खुर्ची टाकून बसलेले, चपला पांढऱ्याफेक, आणि शिडीवरच्या रंगाऱ्याला हुकूम सोडतायत. हातात माझं कार्ड, त्या दिवशी राहिलेलं. घडी पडून पडून मऊ झालेलं. स्पेलिंग चुकू नये म्हणून रंगाऱ्याला दाखवायला आणलेलं.

रंगारी म्हणाला, "ताई, आजोबांना न्या हो घरी. नाव कधीच लिहून झालंय, रोज येऊन परत गिरवायला लावतात."

मी वर पाहिलं. पाटीवर एका ओळीत वादळाचं नाव. खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, माझं. आणि त्याखाली 'भूलतज्ज्ञ'. कुठल्याही हॉस्पिटलच्या पाटीवर हा शब्द मी आजवर पाहिला नव्हता.

"कधीच म्हणजे?" मी विचारलं. "मी तर परवा परत आले यांच्याकडे!"

रंगाऱ्याने वादळाकडे पाहिलं, वादळाने आकाशाकडे. बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते पाटीकडेच बघत होते.

"आडनाव छान दिसतंय नाही?" ते म्हणाले. "माझंच आहे ते."

मी त्यांच्या खुर्चीशेजारी रस्त्यातच बसले. साडीला रंग लागला. लागू दे.

११ जानेवारी

आज पाटीखालून आत आलेलं पहिलं मूल कोण असावं? भुवईजवळच्या गाठीचा तो अर्ध्या बिस्किटाचा धनी! घरच्यांनी घाबरून इतके दिवस टाळलं होतं. सगळं लटांबर हजर. मी काही विचारायच्या आत आजी पुढे आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "डॉक्टर, त्या दिवशी मीच दिलं होतं हो. पहाटेपासून भूक भूक करत होता, मला बघवेना. एकच दिलं. तुम्ही मला काही विचारलं नाहीत, त्यामुळे मला सांगायला तोंडच मिळालं नाही." आईबापांच्या माना खाली. मी आजींचा हात धरला. राग आलाच नाही. मलाही बघवलं नसतं.

मी अस्वलाशी हात मिळवायला वाकणार, तेवढ्यात मागून कुणीतरी मला बाजूला सारलं. वादळ! गुडघ्यांवर बसलं आणि अस्वलाचा पंजा हातात घेतला.

"काय हो, आज काही खाल्लंत का?"

मुलाने अस्वलाचं तोंड आपल्या कानाशी नेलं. "तो म्हणतो, काहीच नाही."

"खात्रीने?"

"खात्रीने. पण तो म्हणतो, तुम्ही ओरडू नका."

वादळ हसलं. मोठ्या सिस्टर म्हणतात, त्यांनी ते पहिल्यांदाच पाहिलं. (सगळीकडे माझं नाव केल्याबद्दल मी आज सिस्टरांचे आभार मानले. त्या म्हणाल्या, "मी? मी कुणाला काही बोलले नाही हो." उगाच विनय करतात.)

गाठ निघाली. मूल उठलं आणि त्याने दोन बिस्किटं मागितली.

संध्याकाळी निरोप घेताना आजी म्हणाली, "बाहेर बाकावर एक आजोबा बसले होते सबंध वेळ. मला धीर देत होते. म्हणाले, तुमच्या नातवाला झोपवणारी डॉक्टर चुकत नाही, मी रोज तपासतो. मी विचारलं, तुम्ही तिचे कोण? त्यांनी नुसतं पाटीकडे बोट दाखवलं."